यूकेत थंडीत भिंतीला बुरशी, काय करावं?

लीड्सकर: नोव्हेंबर लागला की बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला कपाटामागे काळे ठिपके, कपड्यांना कुबट वास, पुसलं तरी परत येतंच. लेकीचा खोकला थांबत नाहीये, म्हणून जास्त काळजी वाटते.

सईची आई: कपडे घरातच वाळत घालता का? आमच्याकडे मूळ तेच होतं. दमट हवा थंड भिंतीला लागली की पाणी सुटतं अन तिथेच बुरशी धरते. कपाट वीतभर पुढे ओढा, कुकर लावला की किचनचं दार बंद करून एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा, आणि सकाळी काचेवरचं पाणी पुसून फडकं बाहेर पिळा, रेडिएटरवर (खोलीतल्या हीटरवर) वाळत घालू नका!! लेकीला जीपीला (फॅमिली डॉक्टरला) दाखवाच.

जुना_मुंबईकर: ह्युमिडिटी मीटर (हवेतला दमटपणा मोजणारा) घ्या, 60 टक्क्यांच्या खाली ठेवायचं, नाहीतर डीह्युमिडिफायर (दमटपणा शोषणारं मशीन) लावा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीच एकत्र करू नका, विषारी गॅस होतो. नुसता रंग मारून झाकू नका. घरमालकाला फोटोसकट ईमेल करा, पाइप किंवा छताची पन्हाळ गळत असेल तर ते त्यालाच दुरुस्त करावं लागतं.

लीड्सकर: खूप आभार. खिडकीवरच्या व्हेंटना (हवा खेळायच्या फटींना) आधीच्या भाडेकरूने टेप लावलीये, आत्ताच काढतो.