मदत हवी आहे: जुना वाडा आणि नवीन फ्लॅट, दोन्हीकडच्या खिडक्या बदलायच्यात

नमस्कार मंडळी, सोलापुरात बाळीवेशीत आजोबांच्या वेळचं माळवदाचं घर आहे, भिंती चांगल्या दीड-दोन फूट जाड, सागवानी खिडक्या अन् लोखंडी गज. चौकटी खालून वाळवीने खाल्ल्यात पण झडपा अजून ठणठणीत आहेत, त्यामुळे सगळं उपटून टाकायला जीव होत नाही. फॅब्रिकेशनवाला म्हणतो पांढरी यूपीव्हीसी (म्हणजे कडक प्लास्टिकची) स्लायडिंग टाका, पण दोन ट्रॅकच्या स्लायडिंगला अर्धीच खिडकी उघडते, मग एप्रिल-मेच्या रात्री वारं कुठून येणार? आणि त्या घराला ते शोभणार पण नाही हो.

फक्त खालचं कुजलेलं लाकूड बदलून, वाळवीचं औषध मारून जुन्याच झडपा बसवणारा चांगला सुतार सोलापुरात कुणाला माहितीये का?

दुसरं म्हणजे जुळे सोलापुरातला फ्लॅट, तिथं ॲल्युमिनियम स्लायडिंग आहे, पश्चिमेची बाजू, दुपारनंतर नुसती भट्टी होते आणि धूळ तर विचारूच नका. तिथं यूपीव्हीसी चालेल असं वाटतंय, पण डबल काचेचा खरंच फरक पडतो का आधी बाहेरून छज्जा वाढवावा? ज्यांनी बसवलंय त्यांनी प्लीज स्क्वेअर फुटाचा रेट पण सांगा.