घडीच्या चाकूचं लॉक मजबूत हवंच, पण मिटतानाचं काय?
उघडं पातं हलू नये म्हणून लॉकची पट्टी जाड हवी, हे म्हणणं पटलं. पण बोट कापतं ते बहुधा मिटताना. लायनर लॉक, म्हणजे मुठीच्या आतून उघड्या पात्यामागे सरकून ते अडवणारी पट्टी, दाबायला अंगठा पात्याच्या वाटेतच न्यावा लागतो. माझ्या चार इंची चाकूने दोनदा प्रसाद दिलाय. पात्याच्या बुडाशी बोटभर भाग बिनधारेचा ठेवला, तर मिटताना अंगठ्यावर आधी तोच टेकेल.

नाहीतर फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीच्या चाकूंसारखं करा. १९५५ पासून त्यांच्या अगदी छोटे सोडून बाकी चाकूंच्या मुठीच्या तोंडाशी पातं अडवणारं, फिरवायचं कडं असतं, बोट पात्यासमोर न्यावंच लागत नाही. १२ सेंटिमीटर पात्याच्या १२ नंबरलाही तेच कडं. मूठ मात्र लाकडी, दमट हवेत फुगते आणि पातं घट्ट बसतं. मग पातं सुटावं म्हणून मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं, तेही अलगद!