प्रति: कोकणात जमीन घेऊन जंगल वाढवणे

कोकणात जमीन घेऊन जंगल वाढवायला दोन हजार रोपं लावायचा हिशोब तुम्ही मांडलाय, पण त्याआधी त्या जमिनीचा सातबारा नीट वाचा. 'इतर हक्क' रकान्यात कुळाची किंवा 'खाजगी वन' अशी नोंद असेल तर विसार देऊ नका. सामाईक सातबाऱ्यावर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या हव्यात, मुंबईकर चुलत्यांच्यासुद्धा. शेतकरी दाखला नसेल तर कूळ कायद्याचं कलम ६३ आडवं येतं, म्हणजे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही.

आता झाडं. तोड झालेल्या डोंगरउतारावर लगेच खड्डे मारू नका. ऐन, किंजळ, जांभूळ यांचे खुंट जिवंत असतात, पावसात त्यांना झुबक्याने फुटवे येतात. प्रत्येक खुंटावर सरळ, जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे कोयत्याने बुडाशी छाटा. जुनी मुळं खोल गेलेली असल्याने हे फुटवे रोपांपेक्षा कितीतरी भरभर वाढतात, उन्हाळ्यात पाणीही मागत नाहीत. रोपं फक्त मोकळ्या जागी, जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर. ऑस्ट्रेलियन बाभूळ कृपा करून नको.

खरा शत्रू वणवा. गवत वाळलं की डिसेंबरातच हद्दीने तीन-चार मीटरचा पट्टा साफ करा. शेजारी भाजावळ (पेरणीआधी पालापाचोळा पसरून शेत भाजणं) कधी करणार ते विचारून ठेवा आणि त्या दिवशी माणूस उभा करा.