चाळिशी उलटल्यावर चित्रकलेचा पहिला क्लास: कोणता लावू?

पानगळ
नमस्कार मंडळी. शाळेतला चित्रकलेचा तास संपला तो संपलाच, त्यानंतर मी काही काढलेलं नाही. आता अगदी पहिल्यापासून शिकायचं ठरवलंय. तीन पर्याय आहेत:
(अ) आठवड्यातून एकदा दोन तास, मोठ्यांसाठीचा प्राथमिक वर्ग. समोर वस्तू मांडतात आणि बघून काढायच्या.
(आ) ऑनलाइन, आधीच चित्रित केलेले धडे. आपल्या सोयीने बघायचे.
(इ) संध्याकाळचा व्यक्तिचित्राचा वर्ग. समोर माणूस बसवतात. "नवशिके चालतील" असं म्हणाले.
फीचे पैसे बाजूला काढलेत, पण साहित्यावर खर्च करायचा नाही. दोन-तीन पेन्सिली आणि एक वही, बास. रंग सध्या नकोत, टॅबलेट तर नकोच. वर्ग पारखायचा कसा, ते सांगा.

तिरपी_रेघ
डोळे झाकून (अ). फोटोमध्ये कॅमेऱ्याने वस्तू आधीच सपाट करून दिलेली असते. ते काम आपल्या डोळ्यांनी करायचं, हेच तर शिकायचं असतं. चौकशीला जाल तेव्हा एकच विचारा: सुरुवातीला काय काढून घेता? घन, दंडगोल, गोल, शंकू आणि मग भांडी, असं उत्तर आलं तर निर्धास्त बसा. सेझान या फ्रेंच चित्रकाराने १९०४ साली एमिल बर्नार या तरुण चित्रकाराला पत्रातून हेच सांगितलं होतं की निसर्गाकडे दंडगोल, गोल आणि शंकू म्हणून बघ. "फोटो देतो, तो जसाच्या तसा उतरवा" असं म्हणाले तर पुढच्या वर्गाची चौकशी करा.

निळी_शाई
(अ) ला माझंही मत. पेन्सिलींचा मात्र पूर्ण संच घ्या, ४एच ते ८बी. मी पहिल्याच दिवशी लाकडी पेटीतला घेतला, अजून पुरतोय. शिवाय ईझल (चित्र उभं ठेवायची तिवई), बोर्ड, पुट्टी रबर (मळता येणारा मऊ खोडरबर) आणि फिक्सेटिव्हचा स्प्रे, म्हणजे चित्र पुसलं जात नाही. साहित्य चांगलं असलं की बसावंसं वाटतं.

खडूफळा
त्यांनी दोन-तीन पेन्सिली म्हटलंय हो! एचबी, २बी आणि ६बी एवढ्यांत नवशिक्याचं सगळं भागतं. एच म्हणजे कठीण, बी म्हणजे काळी. शिशात मातीचं प्रमाण जास्त तितकी पेन्सिल कठीण आणि फिकट. ग्राफाइट आणि माती मिसळून भाजायची ही युक्ती कोंते या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये काढली, आजही पेन्सिली तशाच होतात. एक सांभाळा, पेन्सिल जमिनीवर पडू देऊ नका. आतलं शिसं जागोजागी तुटतं, मग टोक काढावं तितक्या वेळा ते गळून पडतं.

निळी_शाई
एचबीने गडद छटा येत नाही, दाबलं तर कागदावर चर पडतात आणि चकाकी येते. म्हणून संच.

खडूफळा
गडद छटेसाठीच तर ६बी सांगितली.

स्टायलस_वाला
मी टॅबलेटच सुचवेन. चुकलं की मागे जाता येतं, कागद संपत नाही, बोटं काळी होत नाहीत. माझी प्रगती त्यावरच झाली.

तिरपी_रेघ
नको म्हटलंय त्यांनी. आणि मागे जाता येतं हीच नवशिक्यासाठी अडचण आहे. कागदावर चुकीची रेघ तशीच ठेवून शेजारी बरोबर रेघ मारायची, म्हणजे किती चुकलं ते दिसतं. खोडलं की तो मापदंडच जातो.

उंबरठा
शिक्षक विद्यार्थ्याच्या कागदावर हात चालवतात का, हे आधी बघा. मी गेले त्या वर्गात सर प्रत्येकाच्या चित्रावर स्वतः शेडिंग करून द्यायचे. घरच्यांनी कौतुक केलं, फ्रेमही केली. पण त्यातली चांगली जागा एकही माझी नव्हती, आणि मला त्याचा अजून राग येतो. चांगले शिक्षक समासात छोटं रेखाटन करून दाखवतात किंवा नुसतं विचारतात, "हँडल काठापेक्षा वर आहे की खाली?" एक तास नुसतं बसून बघायची परवानगी मागा. जे देत नाहीत तिथे पैसे भरू नका.

दोन_चष्मे
कुणी चष्म्याचं बोललंच नाही! चाळिशीनंतर हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. वाचायचा चष्मा लावला की कागद स्पष्ट आणि समोरची वस्तू पुसट, काढला की उलट. सतत वरखाली बघायचं असल्याने डोकं दुखतं. मी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच काचेत दिसणारा चष्मा करून घेतला, फरक पडला.

निळी_शाई
प्रोग्रेसिव्हने मला चक्कर येते. बायफोकल बरा.

दोन_चष्मे
सवय व्हायला वेळ द्यावा लागतो. कागद उभा धरलात तर मान कमी हलते, त्रासही कमी.

खडूफळा
कागद उभा धरण्याचं कारण वेगळं आहे. टेबलावर आडवा ठेवला की वरची कड आपल्यापासून लांब जाते आणि आखूड दिसते. ते भरून काढायला हात नकळत वरचा भाग लांबवतो, आणि भिंतीला लावल्यावर कळतं की बाटलीची मान ताणली गेलीय. ईझल लागत नाही. जाड पुठ्ठा मांडीवर ठेवून टेबलाच्या कडेला टेकवा, वर दोन क्लिपा.

सावकाश
(अ) घ्या. समोर वस्तू असली की शिकायला होतं.

तिरपी_रेघ
माप घ्यायला पहिल्याच आठवड्यात शिकवलं पाहिजे. हात पूर्ण ताठ, कोपर न वाकवता, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने उंची धरायची आणि तीच रुंदीशी ताडून बघायची. कोपर वाकलं की माप बदलतं. आणि छटा बघताना डोळे किलकिले करा, बारकावे जातात आणि उजेड-अंधाराचे दोन-तीन मोठे तुकडे उरतात. हे शिकवत नसतील तर तो वर्ग कसला.

पानगळ
सगळ्यांचे मनापासून आभार. (अ) आणि (इ), दोन्हीकडे एकेक तास बसून आले. मी (इ) लावतेय. आई ८१ वर्षांची आहे, मला तिचा चेहरा काढायचाय, ती समोर बसू शकते तोवर. दंडगोल आणि भांडी नंतरही शिकता येतील. तिथल्या बाई कुणाच्या कागदाला हात लावत नाहीत, शेजारी बसून प्रश्न विचारतात. २बी, ६बी आणि साधी वही घेतली.

तिरपी_रेघ
मला हे पटत नाही. ज्याला अंडगोल काढता येत नाही त्याला डोकं कसं येणार? चेहऱ्यात केसभर चूक झाली तरी "ही ती नाही" असं वाटतं आणि लोक वर्ग सोडतात. भांड्याचं तसं नसतं.

उंबरठा
सोडणार नाहीत त्या. ज्याचा चेहरा काढायचाय तो माणूस घरात आहे, याहून मोठं कारण लागत नाही. पानगळताई, डोळ्यांपासून सुरू करू नका. आधी डोक्याचा पूर्ण आकार आणि कल. डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर येतात. सगळे नवशिके ते फार वर काढतात, कारण कपाळावरचा आणि केसांचा भाग मोजलाच जात नाही.

तिरपी_रेघ
आणि आईंना खिडकीच्या एका बाजूला बसवा, खोलीतला दिवा बंद. दोन्हीकडून उजेड आला की सावल्या एकमेकींना खातात आणि नाक सपाट होतं. सावलीची कड आधी आखा, सुरकुत्या सगळ्यात शेवटी. आधी सुरकुत्या काढल्या तर त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या चेहऱ्यावर वेगळ्या तरंगतात.

दोन_चष्मे
आईंना पाठ टेकायला उशी द्या आणि मध्ये मध्ये उठू द्या. खुर्चीच्या पायांच्या जागी जमिनीवर खुणा करून ठेवा, म्हणजे परत तशाच बसवता येतील.

सावकाश
मी डावखुरा आहे. शेडिंग करताना हाताने सगळं पुसलं जातं. काय करू?

खडूफळा
उजव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू करून डावीकडे या, आणि तळहाताखाली कोरा कागद ठेवा. बोटाने मात्र घासू नका, त्वचेचं तेल कागदाला लागलं की तिथे डाग पडतो आणि तो खोडरबरानेही जात नाही.

निळी_शाई
माझ्याकडे खास हातमोजा आहे त्यासाठी.