ग्राफिक्स कार्डाचं 'अनलॉक' : कुलूप की हद्द?

मीनल (अलिबाग): ग्राफिक्स कार्डाचं बायोस, म्हणजे कार्ड कसं चालायचं ते सांगणारं त्याच्या चिपमधलं सॉफ्टवेअर, बदललं की सगळे 'अनलॉक केलं' म्हणतात. मराठीत 'कुलूप काढलं' चालेल?

संदेश (मालवण): सगळीकडे नाही, मीनलताई. आत काही असून बंद ठेवलंय, तिथेच कुलूप. एएमडीच्या आरएक्स ४८० च्या सुरुवातीच्या काही ४ जीबी कार्डांवर मेमरी ८ जीबीची होती. ८ जीबीचं बायोस टाकलं की ती मिळायची. त्यांच्याच एचडी ६९५० चे १४०८ शेडर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग) वरच्या ६९७० कार्डाच्या बायोसने बऱ्याच कार्डांत १५३६ होत. व्हेगा ५६ कार्डावर मात्र वरच्या व्हेगा ६४ चं बायोस टाकूनही शेडर ३५८४ च राहतात. फक्त मेमरीचं व्होल्टेज १.२५ चं १.३५ व्होल्ट होतं, ग्राफिक्स चिपची वीजमर्यादा १६५ ची २२० वॅट. खारबांधाची उघाडी (पाण्याची झडप) वर उचलावी तसं. याला 'हद्द वाढवली' म्हणावं.

विनायक (रत्नागिरी): पटलं. 'बायोस चढवलं' मात्र नको, जुन्यावर नवं बसवल्यासारखं वाटतं. खरं तर बायोसची चिप आधी पुसली जाते, मग लिहिली जाते. दुकानात 'बायोस मारलं' म्हणतात, तेच बरं. त्या मधल्या सेकंदांत वीज गेली तर संपलं, म्हणून पावसाळ्यात यूपीएसशिवाय हात लावू नये. आधी जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरने जुनं बायोस पेनड्राइव्हवर घ्या. मेमरी कुठल्या कंपनीची तेही तिथेच दिसतं. हायनिक्स कंपनीच्या मेमरीच्या व्हेगा ५६ वर ६४ चं बायोस सहसा चालत नाही.

मीनल: मग बायोस बिघडून कार्ड सुरूच होत नाही, त्याला 'ब्रिक' म्हणतात, ते म्हणजे 'निकामी'?

संदेश: नको! निकामी म्हणजे कायमचं गेलं. हे बहुतेकदा परत येतं. दोन बायोसचं कार्ड असेल तर कार्डावरचा खटका चांगल्या बाजूला करून मशीन चालू करा, विंडोज आलं की खटका परत बिघडलेल्या बाजूला सरकवा आणि मूळ बायोस मारा. एकच बायोस असेल तर सीएच३४१ए प्रोग्रामर (चिपवर थेट लिहिणारं छोटं यंत्र) आणि बायोसच्या चिपला लावायचा आठ पायांचा क्लिप. चिपवरचा नंबर आधी वाचा. १.८ व्होल्टची निघाली तर मध्ये अडॅप्टर हवाच, थेट ३.३ दिले तर चिप जळू शकते. मी 'निपचित पडलं' म्हणतो.

मीनल: निपचित! अगदी बरोबर. आणि एनव्हिडियाच्या कार्डांचं काय?

विनायक: २०१६ च्या पास्कल पिढीपासून आकडे बदललेलं बायोस कार्ड सहसा स्वीकारत नाही, डिजिटल सही तपासते. तिथे 'कुलूप' चपखल. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कार्डाचं, सही शाबूत असलेलं बायोस बहुधा चालतं. त्याला 'अदलाबदल' म्हणा, 'फेरफार' नव्हे.