पुढून डावीकडं अधूनमधून टक-टक, गॅरेजात नेली की गाडी गप्प

कळेकर:
नमस्कार मंडळी. मी कळ्यात राहतो, नोकरी कोल्हापुरात. रोज बालिंगा, फुलेवाडी करत ये-जा. पेट्रोल हॅचबॅक आहे, नव्वद हजारांच्या वर पळालीय. पुढच्या डाव्या चाकाकडून टक-टक असा आवाज येतो, तोही त्याच्या मनात आलं तर. सकाळी गारठ्यात जास्त, फुलेवाडीपर्यंत कमी होत जातो. शाळेसमोरच्या स्पीडब्रेकरवरून सरळ गेलो तर काही नाही. पण सध्या सीझन चालू आहे. समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आला की आपली डावी चाकं साईडपट्टीवर उतरवावीच लागतात, आणि तिथं हमखास वाजतं. वीस-तीसच्या स्पीडला. हायवेला कागलकडं जाताना ऐंशीला गाडी एकदम शांत.

एका गॅरेजात दाखवली. डावी बाजू जॅकवर घेतली, चाक हलवून बघितलं, म्हणाले प्ले (सैलपणा) कुठंच नाही, दोन्ही शॉकअप टाकून घ्या. शॉकअपवर तेलाचा ओघळ तर दिसत नाही. खर्चाला ना नाही, पण उगाच नको. बायको म्हणते तुमच्याच कानात वाजतंय.

नऊनंबरवाला:
आधी स्टेपनी, जॅक, पान्हा काढून घरी ठेवा आणि तोच रस्ता मारा. हसू नका, शॉकअप बदलून झाल्यावर डिकीत सैल जॅक सापडलेले लोक मला माहीत आहेत.

कळेकर:
डिकी रिकामी करून बघितली. आवाज पुढूनच आहे, शेजारच्या सीटच्या पायाखालून आल्यासारखा.

उद्यमनगरवाला:
कळेकर दादा, प्रश्न विचारतानाच अर्धं उत्तर देऊन बसलाय की तुम्ही. दोन्ही चाकं बरोबर उचलली तर आवाज नाही, एकच चाक खाली-वर झालं की आवाज. एवढं वाचूनच माझा हात लिंक रॉडकडं जातोय.

पुढच्या दोन चाकांच्या मधी एक आडवा जाड बार असतोय, स्टॅबिलायझर बार. त्याची दोन टोकं दोन छोट्या लिंक रॉडनी जोडलेली, बऱ्याच गाड्यांत थेट शॉकअपलाच. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं सारखी वर आली तर बार आपल्या बुशात, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरात, नुसता फिरतो, लिंकवर फारसा जोर येत नाही. एकटं डावं चाक साईडपट्टीत उतरलं की बार पिळतोय आणि लिंकच्या टोकाच्या जॉइंटवर ओढ येते. खडबडीत जागी ही ओढ सारखी इकडनं तिकडं पलटते. जॉइंट झिजला असंल तर आतला गोळा वाटीत आपटतो, तीच तुमची टक-टक. हायवेला रस्ता सपाट, ओढ पलटतच नाही, मग वाजणार काय?

आता जॅकचं बघा. एकच बाजू उचलली, चाक लटकलं, की बार पिळलेला राहतो आणि लिंक ताणून धरला जातो. ताणलेल्या जॉइंटमधला प्ले हाताला कसा लागंल? चाक हलवून बॉल जॉइंट, टाय रॉड, बेअरिंग कळंल, लिंक कळत नाही. त्यासाठी गाडी पिटवर, म्हणजे गॅरेजातल्या खड्ड्यावर घ्या, चारी चाकं जमिनीवर, इंजिन बंद, हँडब्रेक वर. एकानं खाली उतरून लिंक मुठीत धरून जोरात हलवायचा. मग दुसऱ्यानं वरनं गाडी छतापाशी धरून आडवी झुलवायची आणि खालच्यानं जॉइंटच्या रबरी बुटावर, म्हणजे त्यावरच्या टोपणावर, बोट ठेवायचं. खराब जॉइंट बोटाला ठक्कन कळतोय, कान लागत नाहीत. बूट फाटलंय का तेबी बघा. तुमच्या त्या गगनबावडा रोडला पाऊस काय कमी असतोय व्हय! बूट फाटलं की ग्रीस धुऊन जातंय आणि चिखल आत बसतो.

तेल गळत नाही म्हणून शॉकअप एकदम निर्दोष, असं मी म्हणत नाही. पण गेलेला शॉकअप स्पीडब्रेकरनंतरबी गाडी झुलवतोय. पहिला बळी त्याचा नको.

पन्हाळारोड:
वरचं पटलं. पिटवर नेण्याआधी दोन गोष्टी फुकटात बघता येतात. आवाज चालू असताना ब्रेकवर हलका पाय ठेवा. लगेच थांबला तर ब्रेक पॅड नाहीतर कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना सैल असतील. दुसरं, गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग पूर्ण इकडून तिकडं फिरवा आणि कुणाला तरी बॉनेट उघडून शॉकअपच्या वरच्या टोकापाशी कान द्यायला सांगा. स्प्रिंग अडकून टण्ण सुटल्यासारखी वाटली तर वरचं माउंट किंवा त्याचं बेअरिंग. माझ्या गाडीला तेच निघालं होतं. पण ते मला पार्किंग करताना ऐकू यायचं, साईडपट्टीवर नाही.

कळेकर:
ब्रेकवर पाय ठेवून काही फरक नाही, स्टिअरिंग फिरवतानाही शांत. आज सुट्टी काढून गाडी पिटवर चढवली. डाव्या लिंकचं वरचं बूट फाटलेलं, आत तपकिरी चिखल, आणि हलवला की तोच आवाज, अगदी कानाशी. उजवा घट्ट आहे. डावा बदलला आणि येताना मुद्दाम साईडपट्टीवरून आणली. टक-टक गेली.

पण आता गेटातून रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला की एकच धप्प येतो. आधीही असेल, टक-टकीत दबला असेल. हा बायकोलाही ऐकू आला.

उद्यमनगरवाला:
वैनींना ऐकू आला म्हणजे खरा. तो लोअर आर्मचा, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, बुश असणार, बहुतेक मागचा. ब्रेक मारला की आर्म पुढं-मागं ढकलला जातोय, रबर चिरलं असंल तर धप्प. सकाळच्या आवाजात ह्याचाबी वाटा असंल, थंडीत रबर कडक होतंय. पिटवर पहारीनं हलकं रेटून बघा, चीर उघडताना दिसंल.

बॉल जॉइंट घट्ट असंल आणि तुमच्या मॉडेलला सुटा बुश मिळत असंल तर प्रेसवर नुसता बुश बसवून घ्या, अख्खा आर्म घ्यायचं कारण नाही. मिस्त्रीला एक आवर्जून सांगा, बुशाचे बोल्ट जॅकवर फायनल टाईट करू नको. गाडी चाकांवर उतरवायची, पुढनं दोनदा दाबायची, मग टाईट. लटकत्या आर्मवर आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतंय आणि नवा बुशबी लवकर फाटतो. आर्म उघडला म्हणजे नंतर चाकांची अलाइनमेंट करून घ्या. नुसत्या लिंकसाठी त्याची गरज नव्हती.

उजवा लिंक घट्ट हाय तर राहू दे. धप्प बारीक हाय तोवर पगारापर्यंत थांबला तरी चालंल, फक्त ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढायला लागली तर त्याच दिवशी काम काढा.