इगतपुरीच्या भातखाचरांतले बेडूक: १६एसमध्ये ३ टक्के फरक म्हणजे वेगळी जात का?

खाचरकाठ:
नमस्कार. वनखात्याच्या परवानगीने इगतपुरी-त्र्यंबकेश्वर भागातल्या खाचरांतून मिनर्व्हार्या वंशाच्या छोट्या बेडकांचे नमुने घेतलेत. १६एस या मायटोकाँड्रियातल्या जनुकाचा साधारण ५५० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा वाचून झाला. जेनबँक या जनुकक्रमांच्या खुल्या साठ्यातल्या मिनर्व्हार्या सिहाद्रेन्सिसच्या नोंदीपासून फरक ३ टक्क्यांच्या थोडा वर येतोय. आयक्यू-ट्री या वंशवृक्ष काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आमचे नमुने वेगळी फांदी करतात, तिचा अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप (फांदीच्या भरवशाचा आकडा) ८४. काही नमुन्यांची पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवल्यावर) जेलवर पट्टीच येत नाही. वेगळी जात धरायची का?

डबक्याचा_हिशेब:
आत्ताच नको. आधी ती नोंद नेमक्या कुठल्या बेडकाची आहे ते बघा. जेनबँकेत नाव टाकणारा देईल तेच राहतं. नमुना कोणत्या संग्रहालयात, क्रमांक काय, कुठल्या गावचा, यातलं काही नसेल तर त्या नोंदीवर टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. शिवाय हे बेडूक पूर्वी फेजेर्व्हार्या वंशात मोजायचे, तेव्हा जुन्या नावानेही शोधा. सिहाद्रेन्सिसचं मूळ वर्णन १९१९ चं, म्हणून त्यातल्या ठिकाणांजवळचा नमुना तुलनेत हवाच.

३ टक्के ही फक्त धोक्याची घंटा. आणि तो आकडाही कसा काढलाय? १६एसच्या लूप भागात बेस गळतात, शिरतात, आणि तिथे जुळणी (क्रमांची एकाखाली एक मांडणी) घसरली की फरक फुगतो. माफ्ट या जुळणीच्या प्रोग्रॅममध्ये क्यू-आयएनएस-आय पर्याय घ्या, तो आरएनएची घडी लक्षात घेतो. मग सगळ्यांचा एकसारखा तुकडा कापून पी-अंतर (वेगळ्या बेसचं साधं प्रमाण) काढा. अल्ट्राफास्टमध्ये ९५ च्या खाली भरवसा ठेवत नाहीत. साध्या बूटस्ट्रॅपच्या ७० च्या मापाने ८४ वाचू नका.

पाणकणीस:
मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात. दोन जातींचा कधीकाळी संकर झाला असेल तर १६एसचं झाड एक सांगेल, केंद्रकातलं जनुक दुसरंच. ऱ्होडॉप्सिन, टायरोसिनेज, रॅग-१ यांतली किमान दोन घ्या. ही जनुकं सावकाश बदलतात, जवळच्या जातींत फरक मोजकेच दिसतील, त्याने निराश होऊ नका. वाचनाच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरं दिसली आणि उलट्या बाजूच्या वाचनातही तीच आली, तर तो दोन पालकांकडून आलेला खरा फरक आहे. सी आणि टी दोन्ही बेस असतील तर त्यांची खूण वाय लिहा, मनाने एक बेस निवडू नका. प्रत्येक जनुकाचं झाड आधी वेगळं बघा, जोडणी नंतर. बाह्यगट (तुलनेसाठी बाहेरचा नातलग) म्हणून स्फेरोथेका हा बेडकांचा वंश चालेल.

ओली_माती:
पट्टी न येण्याची कारणं बहुतेक वेळा नमुन्यातच असतात. ऊतक फॉर्मॅलिनच्या आधी काढायचं, कारण फॉर्मॅलिनने डीएनएचे तुकडे पडतात. बोटाचं टोक ९५ टक्क्यांच्या इथेनॉलमध्ये, ऊतकाच्या किमान दहापट, आणि २४ तासांनी इथेनॉल बदलायचं. बेडकाच्या अंगातलं पाणी उतरून ते पातळ होतं. काळपट कातडीतलं मेलॅनिन पीसीआर अडवतं. डीएनए १:१० पातळ करून बघा, नाहीतर बीएसए हे प्रथिन घाला. अ‍ॅनिलिंग (सुरुवातीचा छोटा तुकडा डीएनएला चिकटण्याचं तापमान) ५५ अंशांना अडलं तर ५० पर्यंत उतरवा. हातमोजे दर बेडकाला नवे, बूट दर डबक्यानंतर निर्जंतुक. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी आपल्याच पायांनी पसरते.

खाचरकाठ:
नोंदीत गावच नाही, फक्त 'इंडिया'. ती वगळतो. आवणीच्या दिवसांत नरांचे आवाज रेकॉर्ड करून ठेवलेत, ते चालतील?

पाणकणीस:
ज्या नराचा आवाज घेतला त्याचंच ऊतक असेल तर नक्की. सोबत हवेचं आणि पाण्याचं तापमान लागेल. गारव्यात हाकेचे ठोके मंदावतात आणि एकाच जातीचे दोन नर वेगळे वाटतात.